शेजारचा दोर

प्रिय बुटके,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू आधी चष्मा शोधशील आणि मग मला शिव्या घालशील. दर रविवारी फोनवर कान खाणाऱ्या शिडीला पत्र लिहायचे हे कसले भिकेचे डोहाळे लागले, असंच म्हणशील ना? म्हण. पण फोनवर मला खोटं फार छान बोलता येतं, हे गेल्या वर्षभरात माझ्या लक्षात आलंय. सगळं आयुष्य मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडण्यात गेलेला आवाज आहे माझा, त्यात रडगाणं मावतच नाही. परवाच्या रविवारी तू विचारलंस, खांदा कसा आहे. मी खणखणीत सांगितलं, सुटतोय गं, येईल हळूहळू ताळ्यावर. तू खूश झालीस, मला दोन व्यायाम आणखी सांगितलेस, फोन ठेवलास. आणि मी तिथेच, दाराशी, चपलांच्या खणाजवळ भिंतीला टेकून उभी राहिले. खांदा सुटत नाहीये, बुटके. तो खांदा नाहीच आहे. सगळं सांगते, पण माझ्या क्रमाने सांगू दे. मधेच ओरडू नकोस, तुझी ती वाईट खोड आहे.

आत्ता दुपार आहे आणि मी व्यायामशाळेच्या स्टोअरमध्ये गाद्यांच्या चळतीवर बसून लिहितेय. आपल्या वेळी होती तशीच असते गं ही खोली, कुठल्याही शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात जा. जुन्या चामड्याचा आणि खडूच्या भुकटीचा वास, हवा गेलेले चेंडू, एका कोपऱ्यात गुंता झालेली जाळी जी दर वर्षी कुणीतरी सोडवणार असतं, आणि उंचावर एक गज लावलेली खिडकी. दार मी आतून लावलंय. मुलं-मुली शेजारच्या शाळेत सराव पाठ घ्यायला गेलीत, त्यामुळे कुणी दार वाजवणार नाही. या खोलीत मी गेल्या वर्षभरात जेवढी बसले तेवढी उभ्या नोकरीत बसले नसेन. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येते, दार लावते आणि बुटांच्या नाड्या बांधते. हसू नकोस. डाव्या हाताची बोटं नाडीचं टोक पकडतात आणि मग जणू विसरूनच जातात की कशाला पकडलं होतं. घरी बांधून यावं तर तुझे भाऊजी बघत असतात. नाड्या नसलेले बूट आणले, तर प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्हीच गणवेश मोडलात तर पोरं काय करतील? म्हणून मी रोज चोरासारखी इथे. आमच्या धंद्यात एक बरं, इलॅस्टिकची पँट असते, बटणांशी वैर पत्करावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या शनिवारी आमचं वार्षिक प्रात्यक्षिक आहे. मुलांचे आईवडील येतात, शाळांचे मुख्याध्यापक येतात, यातल्या कुठल्या पोराला आपल्याकडे शिक्षक म्हणून घ्यावं ते बघायला. आणि सुरुवात संचलनाने होते, सगळ्यांच्या पुढे मी. इथली जुनी पद्धत आहे, सर्वांत जुना शिक्षक पुढे चालतो, आणि आता सर्वांत जुनी मीच उरलेय. संचलन म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पाय एक वेळ कुणी बघत नाही, हात बघतात. दोन्ही हात खांद्यापर्यंत, सरळ, एकाआड एक. आणि माझा डावा हात हलत नाही. दुखत नाही, अडकत नाही, नुसता लोंबतो. त्या दिवशी पुढे चालावं आणि सगळ्या गावाने बघावं, की त्याआधीच गुपचूप मैदान सोडावं, एवढाच माझ्यापुढे प्रश्न आहे. तिसरा रस्ता मी शोधून शोधून थकले.

मैदान सोडणं म्हणजे काय हे मी रोज बघते. उड्या मास्तर आठवतात का तुला? आमच्याकडे लांब उडी शिकवायचे, एकदा संमेलनाला तू त्यांची नक्कल केली होतीस ते. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना कार्यालयात बसवलं. काचेचं टेबल, पंखा, हजेरीचे कागद. सगळे म्हणाले, सुटलात बुवा उन्हातून. मैदानावर शिट्टी वाजली की ते खुर्चीतून उठून खिडकीशी यायचे, आणि थोडा वेळ उभे राहून परत जाऊन बसायचे. पोरं त्यांना नमस्कार करायची बंद झाली, उद्धटपणाने नव्हे, ते कोण आहेत हे नव्या पोरांना माहीतच नव्हतं. मग ते निवृत्त झाले, ते टेबल अजून रिकामं आहे. प्रसाधनगृहाकडे जाताना वाटेतच लागतं, रोज बघून जाते. मला नाही गं बसायचं तिथे. मला उन्हातच राहायचंय.

त्यात भर म्हणजे व्यायामशाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलंय, ‘आधी करून दाखवा, मग करायला सांगा.’ कुणाचं वाक्य? अस्मादिकांचं. नोकरीच्या सुरुवातीला कुठल्याशा व्याख्यानात बोलून गेले, तेव्हाच्या प्राचार्यांना एवढं आवडलं की त्यांनी रंगवूनच घेतलं. दर दोन-तीन वर्षांनी त्यावर नवा रंग देतात. या वर्षी तर लाल दिलाय. मी त्याच्याखाली उभी राहून शिकवते आणि डावा हात जॅकेटच्या खिशात घालून ठेवते. झाकली मूठ सव्वा लाखाची. खिशात नसेल तेव्हा काखेत चेंडू धरते, पाटी धरते, कुणाचा तरी टॉवेल धरते. पोरं म्हणतात, मॅडमचा एक हात कायम कामात असतो.

खांद्याचं खूळ मीच काढलं, दुसऱ्या कुणी नाही. आपण खेळाची माणसं कशी असतो तुला ठाऊक आहे, स्वतःचे हाडवैद्य आपणच. हात आखडल्यासारखा वाटला तशी मी मनाशी म्हटलं, फ्रोझन शोल्डर, या वयात बायकांना होतो, पुस्तकातच आहे, मीच तर शिकवते. मग काय विचारतेस! भिंतीवर बोटं चढवणं, दारावरून दोरी टाकून ओढणं, पाण्याची बाटली घेऊन हात झुलवणं. पोरांनाही कामाला लावलं, तुमच्या मॅडमचा खांदा म्हणजे फुकटचा पाठ, करा निरीक्षण. तुझे भाऊजी रोज तेल चोळायचे. आणि खरंच सांगते, खांदा झकास झाला. वर जातो, मागे जातो, कुठे कळ नाही. फक्त मी चालायला लागले की हात चालत नाही. एवढं शिकवलं मी जन्मभर, चालताना हात आपोआप का हलतात, पाठीचं काय, कंबरेचं काय, आणि स्वतःच्या बाबतीत सहा-आठ महिने मला एवढी गोष्ट दिसली नाही की दुखऱ्या खांद्याचा हात दुखतो, विसरत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुझ्या भाऊजींची तर वेगळीच गंमत. आम्ही संध्याकाळी तळ्याकडच्या रस्त्याने फिरायला जातो, तू आली होतीस तेव्हा नेलं होतं तिथेच. लग्नापासून मी पुढे आणि ते मागे धापा टाकत, अगं थांब, पळतेस कशाला, हे ठरलेलं. गेल्या काही महिन्यांत ते माझ्या बरोबरीने चालायला लागले. एक दिवस तर पुढे गेले आणि वळून थांबले. काय आनंद झाला त्यांना! शेजाऱ्यांना सांगितलं, लेकीला फोन करून सांगितलं, आता तुझ्या आईला गाठलं मी. निवृत्तीनंतर माणसाचं शरीर सुधारतं असा त्यांचा सिद्धांत झालाय. नवे बूट आणलेत, लाल पट्टीचे. मी काय बोलू? त्यांचा वेग तोच आहे, बुटके. पाऊल माझं छोटं झालंय. रोज संध्याकाळी ते मला हरवतात आणि रोज मी हसते, आणि माझं हसू हल्ली थोडं उशिरा उमटतं, तेही त्यांना दिसत नाही.

दिसलं एका पोरीला. या वर्षीच्या तुकडीत एक आहे, तिला सगळे घुबड म्हणतात, कारण ती बघते तेव्हा पापणी हलत नाही. धावण्यात शेवटून पहिली, चेंडू झेलायचा तर आधी घाबरणार, बाकीच्या शिक्षकांचं मत की ही पोरगी चुकून आलीय या अभ्यासक्रमाला. माझं मत वेगळं होतं. माझा तो ‘एक मूल’चा पाठ तुला माहीत आहे. शाळेच्या मैदानावर जायचं, पूर्ण तासभर एकाच मुलाला बघायचं, त्याला कळू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं की त्याचं शरीर काय बोललं. कोण भुकेलं आलंय, कुणाला नीट दिसत नाही, कुणाला घरी मार बसलाय, कुणाच्या मनात चेंडूची नव्हे तर सोबत्यांच्या हसण्याची धास्ती आहे. एक नियम कडक, मुलाचं नाव घ्यायचं नाही, ‘माझं मूल’ म्हणायचं. कुठल्याच लेकराची अब्रू वर्गात निघता कामा नये. सगळ्यांचं सांगून झालं की मी नेहमीचा एकच प्रश्न विचारते, मग, या मुलाचं काय करायचं?

त्या दिवशी घुबड उठली आणि म्हणाली, माझं मूल चालताना डावा हात हलवत नाही. वर्ग ऐकत होता, मीही ऐकत होते, चांगली सुरुवात केलीस म्हणून मान हलवली. ती पुढे बोलत गेली. माझ्या मुलाला मागून हाक मारली तर ते नुसती मान वळवत नाही, सगळंच्या सगळं वळतं, छोटी छोटी पावलं टाकत. हात लपवायला त्याच्याजवळ नेहमी काहीतरी असतं. विनोद झाला की सगळ्यांचं हसून झाल्यावर त्याचा चेहरा हसतो. आणि माझं मूल बुटाच्या नाड्या कुणी बघणार नाही अशा जागी जाऊन बांधतं. वर्गात कुणाला काही कळलं नव्हतं, एक जण तर सहावीतल्या कुठल्या पोराचं वर्णन चाललंय म्हणून अंदाज बांधत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. पहिल्यांदाच ती खाली, बाकाकडे बघत होती. मला आधी काय वाटलं सांगू? तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आगाऊ कुठली. आणि तरी मला तो प्रश्न विचारावाच लागला, कारण मी तो सगळ्यांना विचारते. मग, या मुलाचं काय करायचं? ती म्हणाली, डॉक्टरकडे न्यायचं, मॅडम. खांद्याच्या नव्हे. वर्ग खो खो हसला, त्यांना वाटलं, ती माझ्या खांद्याच्या खुळावर कोटी करतेय. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं. तिला मात्र हाक मारून एवढंच म्हटलं, निरीक्षण बरं आहे. नंतर तिने सांगितलं, तिचे आजोबा असेच चालायचे आणि घरात सगळे त्याला म्हातारपण म्हणायचे.

डॉक्टरकडे एकटीच गेले, घरी दात दुखतो म्हणून सांगितलं. मेंदू आणि नसांचे डॉक्टर, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे. त्यांनी अंगठा आणि बोट चिमटीसारखं आपटायला लावलं, मूठ उघड-मिट करायला लावली. उजवा हात शहाण्या मुलासारखा वागला. डावा सुरुवातीला बरा, मग लहान लहान होत विझलाच. मग म्हणाले, बाहेरच्या बोळातून चालून दाखवा. जन्मभर मी लोकांना म्हटलंय, चालून दाखवा! बाकावर बसलेले रुग्ण बघत होते आणि मी चालत होते, पोट आत, मान ताठ, चाचणीला उतरलेल्या पोरीसारखी. शेवटी म्हणाले, मी मागून खांदे ओढणार, तोल सांभाळा. मी मुकाट पाय फाकवून गुडघे सैल केले. ते हसले, बाई, ही लबाडी झाली, नेहमीसारख्या उभ्या राहा. नेहमीसारखी उभी राहिले, त्यांनी ओढलं, आणि मी त्यांच्या अंगावर गेले. झेललं त्यांनी. मग पार्किन्सन म्हणाले. कंपवात. मी वाद घातला, माझा हात कापत नाही, कंप कुठाय? तर म्हणाले, सगळ्यांचाच सुरुवातीला कापतो असं नाही. औषधं लिहून दिली, पुष्कळ वर्षं चांगली काढता येतील म्हणाले. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून काय सांगावं? रोज व्यायाम करत जा! मला! मी तिथे एवढी हसले की बाहेरच्या नर्सने डोकावून बघितलं. मग रडले. त्यांनी टिपायला कागद दिला आणि दुसऱ्या रुग्णाला थोडं थांबायला सांगितलं, भला माणूस.

तेव्हापासून मी कोंडली गेलेय गं. बाहेर कुणी कडी घातलेली नाही, मीच आत. घरी न्हाणीघरात दार लावून, आरशासमोर संचलन करते. डावा-उजवा, डावा-उजवा. हाताला आज्ञा दिली की तो उठतो, अगदी खांद्यापर्यंत. पण प्रत्येक वेळी द्यावी लागते. दुसरं काही मनात आलं, नळ बंद करायचा राहिलाय एवढं जरी, की हात पुन्हा आपला लोंबायला मोकळा. शेकडो पोरांना एका आवाजात वळवणारी मी, आणि घरचाच एक शिपाई ऐकत नाही. गोळीने थोडा फरक पडतो, पण ती कधी साथ देईल याचा नेम नाही, आणि चिंता वाढली की ती आधी पळ काढते. लेकीला सांगितलं तर पहिल्या गाडीने येईल आणि बॅगा भरून मला घेऊन जाईल, तिच्या सातव्या मजल्यावर. प्राचार्यांना सांगितलं तर काचेचं टेबल पुसायला सांगतील, तेही प्रेमाने. आणि ह्यांना सांगायचं तर दोनदा तोंड उघडलं. एकदा ते नव्या बुटांवरची धूळ पुसत होते. दुसऱ्यांदा म्हणाले, आज तू मुद्दाम हळू चाललीस ना, मला जिंकू द्यायला? मी म्हटलं, हो. तेवढं म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

संचलनाचा सराव चालू आहे. परवा माझ्या लक्षात आलं की घुबडाने रांगेत जागा बदलून घेतलीय, बरोबर माझ्या मागे. आणि ओठातल्या ओठात, मलाच ऐकू येईल असं, दर उजव्या पावलाला म्हणतेय, डावा, डावा, डावा. हात उठत होता गं! पूर्ण फेरी उठला. फेरी संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि अशी काही खेकसले की पोरगी पांढरी पडली. म्हटलं, शिकवताना मी काय सांगते? भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या मुलाला मागून ढकलायचं नाही, हात धरून ओढायचं नाही, लांबून हाका मारायच्या नाहीत. जायचं, त्याच्या शेजारी उभं राहायचं, ते जिकडे बघतंय तिकडे बघायचं आणि थांबायचं. ती म्हणाली, मॅडम, पण तुमच्या शेजारी मला कसं उभं राहता येईल, तुम्ही सगळ्यात पुढे असता. तिने उद्धटपणे नव्हतं म्हटलं. खरंच विचारत होती. संध्याकाळी तिची माफी मागितली. शिकायला आलेल्या पोरीच्या गळ्यात मी माझं गुपित बांधलंय आणि वर तिच्यावरच ओरडतेय, हे काही बरं नाही, एवढी अक्कल अजून शिल्लक आहे.

तो नियम कुठून आला ते मी पोरांना कधी सांगितलं नाही. तुला तरी आठवतंय का? दोराची परीक्षा. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत भराभर वर गेले, तुळईला हात लावला, खाली बघितलं, आणि माझे हात मिटले ते मिटलेच. खालून सगळे ओरडायला लागले. पाय आवळ, हात सैल कर, खाली बघू नकोस, मोठा श्वास घे. एकूण एक सूचना बरोबर होती आणि एकही माझ्या कामाची नव्हती. मी तुळईखाली दोराला चिकटलेली, घामाने निथळत, आणि मनात एकच, आता मी मरेपर्यंत इथेच. आणि तू! अर्ध्या दोराच्या वर आयुष्यात कधी न गेलेली तू, शेजारच्या दोरावरून फुसफुसत, कण्हत, कुणाला न विचारता वर आलीस. माझ्याकडे बघितलंसही नाहीस. मी बघत होते त्या खिडकीतून बाहेर बघितलंस आणि म्हणालीस, शिडे, इथून वसतिगृहाची वाळत घालायची दोरी दिसते की गं, आणि तुझा टॉवेल ढापलाय कुणीतरी. मी इतकी हसले की हात कधी सुटले ते कळलंच नाही. मी नीट उतरले. तू मात्र घसरत आलीस आणि दोन्ही तळवे सोलून घेतलेस, कित्येक दिवस मी तुला घास भरवत होते. आणि त्या खडूस परीक्षकांनी विनापरवानगी चढली म्हणून तुझे गुण कापले. माझं सगळं शिक्षण त्या दिवशी झालं, बुटके. पुढे मी जे काही शिकवलं ते तेवढंच शिकवलं.

आता पत्र कशाला लिहिलं ते सांगते, नाहीतर तू शेवटपर्यंत वाचून म्हणशील, शिडीने नुसतंच रडून दाखवलं. मला सल्ला नको, आणखी व्यायाम तर मुळीच नकोत. पुढच्या शुक्रवारी तू इथे ये. तुझ्या नव्या गुडघ्याला प्रवास झेपेल का, काठी घेऊन गाडीत चढता येईल का, हे सगळं मला कळतं, आणि तरी ये म्हणतेय. प्रात्यक्षिक बघायला आले म्हणून सांग. शुक्रवारी संध्याकाळी तुझे भाऊजी लाल पट्टीचे बूट घालून निघायच्या आधी, मी त्यांना सगळं सांगणार आहे. शनिवारी सकाळी, संचलनाच्या आधी, त्या लाल अक्षरांखाली उभी राहून सगळ्या पोरांना सांगणार आहे, की माझं मूल चालताना डावा हात हलवत नाही, आणि ते मूल मी आहे. मग शिट्टी वाजवीन आणि पुढे चालेन, हात असेल तसा असेल, लोंबला तर लोंबू दे. त्यानंतर मला टेबलावर बसवायचं की उन्हात ठेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, मी भांडायची ती भांडेन. पण हे तोंडातून काढायचं म्हटलं की माझे हात पुन्हा मिटतात, बुटके, दोन्ही मिटतात, उजवासुद्धा. तू माझा हात धरू नकोस. माझ्या वतीने बोलू नकोस, आणि आधी रडू तर अजिबात नकोस. नुसती शेजारी बस आणि मी बघेन तिकडे बघ. फारच वेळ गप्प राहिले तर टॉवेल कुणी ढापला ते सांग. मी वर अडकलेय, आणि शेजारचा दोर रिकामा आहे.

तुझीच,
शिडी